दुपारचा चार्ज

लग्न होऊन डहाणूला आले, तेव्हा आमच्या दवाखान्याची वाटणी आपोआप होऊन गेली. पेशंट डॉक्टरांचे आणि स्टाफ माझा. डॉक्टर म्हणजे माझे यजमान. त्यांना ताप उतरवता येत होता, पण दोन आयाबायांतलं भांडण उतरवता येत नव्हतं. स्टेशनपासून थोडं आत, चिकूच्या वाडीला लागून आमचं छोटंसं प्रसूतिगृह होतं. कंपाउंडर गुजराती, सिस्टर मल्याळी, आयाबाया आसपासच्या पाड्यांवरच्या. बोली सगळ्यांच्या वेगळ्या, पण ड्यूटीवरून भांडायची वेळ आली की सगळे न चुकता मराठीत भांडत.

ड्यूटी लावणं हे काम ज्याने केलंय त्यालाच कळेल. गवत कापायला आलं की सुट्टी, भात झोडायचं म्हणून सुट्टी, तलासरीची एसटी आलीच नाही म्हणून न सांगता सुट्टी. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा आली की आमचा अख्खा स्टाफ एकदम भाविक होई. मी तक्ता भिंतीला लावायचा आणि कुणीतरी त्याच्याकडे बघून कपाळाला हात लावायचा, हे ठरलेलं. मी स्वभावाने तापट आहे. मी बोलायची, सगळे ऐकून घ्यायचे, आणि शेवटी होईल ते त्यांच्याच मनासारखं होई.

या सगळ्यात एकच बाई अशी होती की तिच्यापुढे माझी जीभ चालत नसे. ती आशागडची. सासूबाईंच्या काळापासून आमच्याकडे आया होती आणि दुपारची ड्यूटी तिची. दुपारी दोनला यायचं आणि रात्रीची बाई आली की जायचं. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं आणि शिकायचीही इच्छा नव्हती. म्हणून तिने स्वतःची रीत पाडली होती. येणारीने येऊन तोंडाने म्हणायचं, "मी आले, तू जा." मग जाणारी पदराची गाठ सोडून कपड्यांच्या कपाटाची किल्ली तिच्या हातात देणार. याला आम्ही चार्ज म्हणायचो. शब्द निघाले नाहीत तर ती जागची हलत नसे. एकदा पुरात रस्ता बंद झाला आणि रात्रीची बाई पोचलीच नाही. ही सकाळपर्यंत बाळंतिणींच्या खोलीत बसून होती. डॉक्टरांनी तीनदा जा म्हणून सांगितलं. "तुमी थोडेच माझ्या जागेवर बसणार?" असं तिने त्यांनाच सुनावलं. पुढे तिची रीत सगळ्यांची झाली. सिस्टरसुद्धा तेवढं वाक्य मराठीत शिकली.

ती आश्विनातल्या उन्हात गेली. बाळोत्यांच्या घड्या घालता घालता छातीत कळ आली आणि ती बसल्या जागी कलंडली. डॉक्टरांनी तिला आमच्याच गाडीत घातलं आणि वलसाडच्या मोठ्या इस्पितळाकडे निघाले. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तलासरी मागे पडलं तेव्हा तिने डोळे उघडले आणि विचारलं, "वयनी, कोन आली का?"

तिला एकुलती एक मुलगी होती. तिचीच वाट बघतेय असं मला वाटलं. मी म्हटलं, "येईल हो, तुझी पोरगी येईल. तू शांत पड."

"बरं. मंग मी थांबते," ती म्हणाली. पुढच्या वळणावर ती गेली.

गाडी तशीच परत फिरवली आणि तिला परस्पर आशागडला घरी नेलं. किल्ली तिच्या पदरालाच होती. त्या धांदलीत किल्लीची आठवण कुणालाच झाली नाही. रात्रीची बाई ड्यूटीवर आली तर खोलीत चार्ज द्यायला कुणी नव्हतं. तिने आपलं काम सुरू केलं. दुसऱ्या दिवशी मी कपाटाला नवीन कुलूप लावलं.

दिवाळीनंतर माझा तक्ता बिघडायला लागला. दुपारची ड्यूटी कुणालाच नको होती. एकीचं डोकं दुपारीच दुखे, एकीची सासू दुपारीच आजारी पडे. बहाण्यांना काय तोटा! मी सगळ्यांना फैलावर घेतलं. मग एक दिवस सिस्टर आली. ही बाई फार शहाणी, पालीला मारायला चप्पल घेऊन धावणारी. ती म्हणाली, "मॅडम, दोपहर को वहाँ मैं अकेली नहीं बैठेगी." का म्हणून मी दोनदा विचारलं. शेवटी म्हणाली, "कपडा देखो."

आमची आशागडची बाई बाळोत्यांची घडी त्रिकोणी घालायची आणि शेवटचं टोक आत खोचायची. दुसऱ्या कुणाला ती जमत नव्हती. बाकीच्यांचा नुसता गोळा असे, आणि त्यावरून मी रोज बोलायची. मी कपाट उघडलं. सगळी चळत त्रिकोणी होती, टोकं आत खोचलेली. मी सिस्टरला म्हटलं, कुणीतरी शिकली असेल, चांगलंच आहे. पण कपाटातून मिश्रीचा वास येत होता, आणि आमच्याकडे आता मिश्री लावणारं कुणी राहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तलासरीकडची एक बाळंतीण घरी जाताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "दुपारची म्हातारी दिसली नाय. तिला सांगा, मना कुशीवर वळवलं तेव्हा लय बरं वाटलं." ती आमच्याकडे होती त्या दुपारी सिस्टरशिवाय कुणीच ड्यूटीवर नव्हतं, आणि सिस्टर तिशीची होती. मी त्या बाळंतिणीला बरं म्हटलं आणि घरात जाऊन देवापुढे बसले. मी देवभोळी नाही, पण त्या दिवशी बसले.

पौषात त्या आशागडच्या बाईची मुलगी काम मागायला आली. आईच्या जागेवर मुलगी घ्यायची आमच्याकडे पद्धतच होती. "वयनी, मना दुपारचीच द्या," ती म्हणाली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं मला झालं. मी तिथल्या तिथे तक्ता बदलला. पोरगी कामाला वाघ होती, आईसारखीच. आठवड्याची सुट्टीही नको म्हणायची. मी इतकी खूश की इतरांना तिचं उदाहरण द्यायला लागले. दुपारच्या भीतीचं कुणी नाव काढेना, आणि मीही सुटले म्हणून गप्प बसले.

माघ संपता संपता तिची मावशी माझ्याकडे आली. खुर्ची दिली तरी बसेना. म्हणाली, "वयनी, पोरीला सोडवा. सरावलीचं स्थळ हाय. पोरगा चांगला, घरचे चांगले. ही नाय म्हणते. घरी जेवत नाय. डबा दोघींचा नेते नि रिकामा आणते. वाळून चाललीय. आयस गेली, आता ही पण जायची."

मग मी नीट बघितलं. गळ्याची हाडं वर आली होती. पोरगी आमच्या डोळ्यांदेखत झिजत होती आणि मी तक्ता भरल्याच्या आनंदात होते. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ती कामावर येई तेव्हा एक शब्द बोलत नसे. सकाळच्या बाईपुढे नुसता हात पुढे करी, किल्ली घेई आणि आत जाई. ती रुसून असते, असं सगळ्या म्हणायच्या.

मी तिला जबरदस्तीने मंगळवारची सुट्टी लावली आणि त्या दुपारी स्वतः बसले. दुसरी कोण बसणार होती? खोलीत एकच बाळंतीण होती, तीही झोपलेली. तिचं बाळ पाळण्यात. वीज गेली होती. वाडीतून पिकलेल्या चिकूचा गोड, जरासा आंबलेला वास येत होता. सुट्टी असूनही पोरगी आलीच होती. खिडकीतून ती मला पायरीवर पाठमोरी बसलेली दिसत होती. दोन्ही हात मांडीवर.

वाळलेली बाळोती मी स्टुलावर ओतली आणि बाळंतिणीचा ताप बघायला गेले. थर्मामीटर तिच्या काखेत धरून उभी होते, तेवढ्यात मागे पाळण्याची दोरी कुरकुरली. बाळ चुळबुळत असेल म्हणून मी लगेच वळले नाही. थर्मामीटर काढला, उजेडाकडे धरून वाचला, झटकला. मग वळले. पाळणा संथ हलत होता आणि बाळ गाढ झोपेत होतं. स्टुलावर ढिगाच्या बाजूला चार घड्या होत्या. त्रिकोणी, टोक आत खोचलेलं. पाचवी अर्धी झाली होती.

मी भ्याले, उगाच कशाला लपवू? पण त्या अर्ध्या घडीकडे बघता बघता मला भीतीपेक्षा दया जास्त आली. सुट्टी न घेणाऱ्या बाईची मला सवय होती, पण अशी सुट्टीच न मिळालेली बाई मी पहिल्यांदा बघत होते.

बाहेर जाऊन मी पोरीशेजारी पायरीवर बसले. तीच म्हणाली, "तुमी बघितलं?"

"बघितलं."

"मना पहिल्या दिवशीच कळलं. ती माझीच वाट बघते." मग म्हणाली, "मी मुद्दाम बोलत नाय, वयनी. माझ्या तोंडातून ते शब्द निघाले की ती उठंल नि जाईल. मंग मी घरी कुणाकडं बघू?"

दीड-दोन महिने ही पोरगी रोज ड्यूटीवर येत होती आणि तिने एकदाही चार्ज घेतला नव्हता. मला तिचा राग आला. पोटच्या पोरीचा यावा तसा आला. मी म्हटलं, "अगं, तुझी आई दमलीय. तिची ड्यूटी कधीच संपलीय आणि तू तिला बसवून ठेवलंयस. घरी जायला निघालेलं माणूस असं दारात अडवतात का?" मग गाडीतलं सांगितलं. ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, सगळं. मी फक्त धीर द्यायला बोलले होते, पण ती शब्दाची पक्की. पोरगी येईल म्हटल्यावर ती थांबली.

पोरगी उठून आत गेली. मी उंबऱ्यावरच थांबले. ती स्टुलाजवळ जमिनीवर बसली आणि ती अर्धी राहिलेली घडी तिने पुरी केली. टोक आत खोचलं. पदराला बांधलेली जुनी किल्ली सोडून स्टुलावर ठेवली. आई गेली तेव्हापासून ती किल्ली तिच्याकडेच होती. आणि मग ती अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "आये, मी आले. तू जा."

काही झालं नाही. वीज आली नाही, दार वाजलं नाही. पाळणा हळूहळू थांबला, एवढंच. बाळ जागं होऊन रडायला लागलं आणि पोरीने त्याला उचललं. मिश्रीचा वास होता की गेला, ते तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर बाळोत्यांचे नुसते गोळे. एकही घडी धड नव्हती. मी ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडण्याऐवजी सिस्टरला हाक मारली. सिस्टर धावत आली. तिने कपाटात बघितलं आणि ती आपल्या देवाचं नाव घेऊन खालीच बसली.

पोरीने पुढच्या आठवड्यापासून सकाळची ड्यूटी मागून घेतली. सरावलीकर बघून गेले आणि वैशाखातलं लग्न ठरलं. मग चैत्र आला, यात्रा आली, तक्त्यासमोर गर्दी झाली. त्या गर्दीत तीही होती. मान खाली घालून म्हणाली, "वयनी, मना पण यात्रेला जायचं. आयस दर साल जायची." तिने मागितलेली ती पहिली सुट्टी. यात्रेच्या सुट्टीला मी एरवी कुणालाही दोन शब्द ऐकवल्याशिवाय सोडलं नव्हतं. तिला काही बोलले नाही.

तिच्या जायच्या दिवशी दुपारच्या ड्यूटीला माणूसच उरलं नाही, म्हणून मी बसायचं ठरवलं. खोलीत गेले तर सकाळची ड्यूटी करून तिचं सगळं आवरून झालेलं होतं. नवीन लुगडं, केसात अबोली, हातात गाठोडं. फाटकाशी मावशी केव्हाची हाका मारत होती. तरी ती हलेना, नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली. मला कळायला जरा वेळच लागला.

"मी आले," मी म्हटलं, "तू जा."

तिने किल्ली माझ्या हातात दिली आणि पळत सुटली.