डावीकडील चित्रातली फूट

जतीनला वाडीतलं काही कळत नाही, हे त्याच्या घरी कोणी लपवून ठेवलेलं नव्हतं. डहाणूच्या चिकूवाल्यांच्या घरात जन्मून त्याने चिकू फक्त खाल्ला. पण कोसबाडकडच्या एका शेतकी संस्थेत तो कॉम्प्युटरवर बसायचा आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी लिहिलेली माहितीपत्रकं वेबसाइटवर चढवायचा. त्यामुळे सगळ्या तालुक्याच्या शेतकऱ्यांना आपणच शिकवतो, असा त्याचा समज झाला होता. त्याला कोणी काही विचारत नसल्यामुळे तो समज टिकूनही होता.

२०१५ च्या हिवाळ्यात त्याने कलमांच्या निगेचं पान चढवलं. चिकूचं कलम रायण नावाच्या रानझाडाच्या खुंटावर बांधतात. पुढे खालची रायणही फुटू लागते, आणि ती फूट वेळीच काढली नाही तर वरच्या चिकूला उपाशी मारते. मूळ मजकुरात ‘जोडाच्या खालून आलेली फूट काढावी’ असं स्वच्छ लिहिलं होतं. जतीनला ते रुक्ष वाटलं. फोटो आहेत ना, मग शब्द कशाला? त्याने वाक्य उडवलं, रायणीच्या आणि चिकूच्या फुटीचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले आणि खाली लिहिलं, ‘डावीकडील चित्रातली फूट कापावी, उजवीकडील ठेवावी.’ कॅमेऱ्यातून निघालेले ते अवजड फोटो त्याने पडद्यावर नुसता कोपरा माऊसने आत ढकलून लहान केले. कोणी फोटो काढायला लागलं की तो स्वतः पोट आत घ्यायचा, त्यातलाच प्रकार. दिसायला बारीक, वजन तेवढंच.

त्याच सुमारास त्याचे वडील रतनभाई शिडीवरून पडले आणि पायाला प्लॅस्टर घालून ओट्यावरच्या खाटेला खिळले. वाडीच्या टोकाला त्यांनी स्वतः बांधलेली कलमं होती. ज्या जुन्या झाडाची ती कलमं, ते झाड पावसाळ्यात आडवं झालं होतं. त्याची गोडी आता त्या ओळीतच उरली होती. रायण फुटली असणार, या काळजीने म्हाताऱ्याला चैन नव्हतं. कोणा जाणत्याला बोलवू म्हणाले, तर जतीनला ते लागलं.

“पप्पा, अख्ख्या तालुक्याला शिकवणारा माणूस घरात आहे.”

“तोच तर घोर आहे,” रतनभाई म्हणाले. पण उशाशी ठेवलेला आपला कलमाचा चाकू त्यांनी काढून दिला. आजवर त्यांनी तो कोणाच्या हातात दिला नव्हता.

वाडीत पोचल्यावर जतीनला कोणती कापायची ते आठवेना. फिकीर नव्हती. सकाळी ऑफिसच्या वायफायवर उघडलेलं त्याचं पान मोबाइलमध्ये तसंच होतं. फक्त छोट्या पडद्यावर फोटो शेजारी न मावता एकाखाली एक आले होते. डावीकडचं म्हणजे आधीचं, आधीचं म्हणजे वरचं, असा हिशेब त्याने जागच्या जागी लावला. वेबसाइटने मात्र फोटो आपल्या मर्जीने उलटे रचले होते. वरच्या फोटोशी पानं ताडून बघत त्याने अख्खी ओळ साफ केली आणि संध्याकाळी, दिवसभर उन्हात मलूल पडलेल्या फुटी टोपलीत भरून मोठ्या ऐटीत ओट्यावर आणल्या.

रतनभाईंनी एक फूट उचलली. पान उलटंपालटं केलं.

“हा चिकू आहे, जतीन.”

जतीनने घाईघाईने टोपलीतली दुसरी फूट पुढे केली. तीही चिकूचीच.

“सगळी कापलीस?”

“सगळी.”

“त्या झाडाचं कलम आता मी कुठून आणू?” म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. शिव्या घातल्या असत्या तर जतीनला बरं वाटलं असतं.

मग त्याला दुसरी धडकी भरली. हे पान वाचून बाकीच्यांनी काय काय कापलं असेल? त्याने कासा, तलासरी, झाईकडच्या ओळखीच्या शेतकऱ्यांना फोन लावले. सगळीकडून एकच उत्तर. “साहेब, पान उघडतच नाही. नुसतं गोल गोल फिरतं.” ऑफिसात जाऊन पाहिलं, तर पान आजवर फक्त एका माणसाने वाचलं होतं, आणि तो माणूस जतीन होता. तालुका वाचला होता, तो जतीनच्या जड फोटोंमुळे. त्याला हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

मग त्याने फोटोंचं वजन खरोखर उतरवलं. जोडाच्या जागी फोटोवरच बाण काढला, प्रत्येक फोटोची सूचना त्याच्याच खाली लिहिली, डावं-उजवं हद्दपार केलं आणि उडवलेलं वाक्य गुपचूप परत आणलं. मोबाइल नेऊन वडिलांसमोर धरला. रतनभाईंनी पान वरून खालपर्यंत वाचलं.

“आपल्या कलमांचा पण फोटो टाक,” ते म्हणाले. “खाली लिही, असं करू नये.”

फोटो जतीनच्या बायकोने, जागृतीने काढला. त्यात बोडके झालेले चिकू आले, फोफावलेली रायण आली आणि चाकू धरून उभा असलेला जतीनही आला. तेवढा आपला भाग कापून टाकावा, असं त्याच्या मनात होतं.

“राहू द्या,” जागृती म्हणाली. “कापायला तुमचा हात बरा नाही.”

पान चढलं. दोन-तीन दिवसांनी तलासरीहून लक्ष्या नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. जतीन खाटेशेजारीच बसला होता. त्याने स्पीकर लावला.

“साहेब, फोटो पटकन उघडला बघा. मी तर चिकूच कापायला निघालेलो, वाचलो. पण तो खालच्या फोटोतला येडा कोण? बिचाऱ्याने सगळी वाट लावलीय.”

जतीन म्हणाला, “आहे एक. आमच्या ऑफिसातला.”

टोपली आणली त्या संध्याकाळपासून रतनभाई त्याच्याशी कामापुरतं बोलत होते. आता त्यांनी कोपरावर जोर देऊन मान उचलली आणि मोबाइलच्या दिशेने ओरडून सांगितलं, “माझा मुलगा आहे तो!”