हाना आणि आईचे हात

माझ्या आईला स्वतःच्या हातांवर बसायला लावणारी बाई आज गेली.

हाना. नव्वदी ओलांडलेली. दुपारी तिला पोचवून आले, अजून बूटसुद्धा काढलेले नाहीत.

मुद्दाम मराठीत लिहितेय. आईनं हानाबद्दल जे जे काढलं ते सगळं मराठीत होतं, आणि हिब्रूत ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. मुंबईहून इस्रायलला येऊन आम्ही अश्केलोनला अ‍ॅस्बेस्टॉसच्या खोलीत राहत होतो. समुद्र इतका जवळ, की भातात मिठाच्या आधी वाळू पडायची.

मी सहा वर्षांची. पोलिओ झाला. पाय वाचले, उजवा हात लुळा पडला.

हॉस्पिटलनं घरी सोडताना सांगितलं, पेसहच्या सणापर्यंत घरच्या घरी थेरपी करून बघू. हात कामाला लागला तर ठीक. नाहीतर मुलीला तेल अविवजवळच्या एका सेंटरमध्ये ठेवावं लागेल. एकटीला. वर्षभर तरी.

तेव्हापासून आईनं मला कडेवरून खाली ठेवलंच नाही. आणि मी काही अंगानं लहान नव्हते.

मग एक दिवस बसमधून हाना उतरली. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. जर्मनीत जन्मलेली, खाकी हाफपँट, पायात सँडल, खांद्याला ही मोठी पिशवी.

आई म्हणाली, "डॉक्टर मागितला तर चड्डीतली पोरगी पाठवलीन."

आईला हिब्रू येत नव्हतं, हानाला मराठी. मधे मी. गल्लीत खेळून हिब्रू शिकलेली घरातली एकमेव दुभाषी.

हानाचा नियम एकच. हिला कुणी भरवायचं नाही. डावा हात झोळीत बांधायचा आणि उजव्यानं जेवू द्यायचं. लेवाद. म्हणजे एकटीनं, आपलं आपण.

आपल्यात तसंही उजव्यानंच जेवतात. त्या दोघींचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

पिशवीतून तिनं जाड दांड्याचा चमचा काढला होता. तेवढ्यात माझे वडील, बापू, जेवायला बसले. ते भात कालवत होते आणि हाना त्यांच्या पाचही बोटांकडे टक लावून बघत होती. बापू बिचारे लाजून चूर. हानानं चमचा परत पिशवीत टाकला. म्हणाली, याच्याहून चांगला व्यायाम मी कुठून आणू?

आई मला म्हणाली, "विचार तिला, माझी पोर उपाशी मारायला आलीस काय?"

मी हिब्रूत विचारलं, "आई म्हणते, चहा घेणार का?"

हानानं हसून मान डोलावली.

"बघ," आई म्हणाली, "कबूलसुद्धा करते."

अर्थात हाना बसमध्ये चढली की आमच्या दाराला कडी लागायची आणि आई मला भरवायची. आईचा हात दुखला तर शेजारच्या फ्लोराबाय हजर.

पण हाना हुशार. आल्या आल्या आधी बोटं बघायची. आपल्या कालवणाची हळद साबणाला दाद देत नाही. माझी बोटं कोरी, आईची पिवळीधमक.

आईनं त्यावर तोड काढली. मुंबईहून डब्यातून आणलेली हळद, जी एरवी चिमटीनं निघायची, तीत माझा हात मनगटापर्यंत बुडवला. मी अगदी नवरी दिसत होते.

हानानं तो हात नाकाशी नेला. मग आईचा हात नाकाशी नेला. माशाचा वास आईच्या हाताला होता.

मला वाटलं आता ओरडणार. ती माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "या वेळी शब्द न् शब्द सांग. मधे चहा आणू नकोस. आईला सांग, पेसहनंतर तिकडे हिला भरवायला कुणी नसेल."

मी तसंच्या तसं सांगितलं.

हानानं आईचे दोन्ही हात धरले आणि तिच्याच मांड्यांखाली सरकवले.

माझ्यासमोर ताटली आली. भात आणि कालवण.

पहिला घास मांडीवर. दुसरा जमिनीवर. कालवण निवलं. मी रडले, शिव्या दिल्या, दोन्ही भाषांत. फ्लोराबाय धावत आल्या, तर आईनं बसल्या जागेवरून पाय आडवा घातला. "हात लावशील तर बघ."

शेवटी एक घास वर आला. निम्मा नाकावर गेला. निम्मा तोंडात.

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. मी हानाकडे बघितलं. तीही स्वतःच्या हातांवर बसली होती.

पेसहला मी घरी होते. बोटं खरोखरची पिवळी.

आई हिब्रूत पहिला शब्द शिकली तो लेवाद. बापूंनी चहा मागितला, लेवाद. फ्लोराबाय साखर मागायला आल्या, लेवाद. बापू म्हणायचे, हात पोरीचा बरा झाला आणि भोगतोय मी.

गेल्या वर्षी हानाला स्ट्रोक आला. उजवा हात गेला. मी डबा घेऊन भेटायला गेले. सांभाळणारी बाई चमचा पुढे करत होती आणि हाना तोंड फिरवत होती.

मी चमचा बाजूला ठेवला. भात वाढला, त्यावर कालवण. हानानं माझ्या हातांकडे बघितलं.

मी हातांवर बसले.

फार वेळ लागला. निम्मा घास तिच्या नाकावर गेला. मला रडू आलं, तेव्हा कळलं, आईला काय झालं होतं.

आज तिच्या कबरीवर माती लोटताना फावडं उजव्या हातात घेतलं. हात अजून अर्धाच चालतो माझा, निम्मी माती बाहेर सांडली. मुलगा मदतीला पुढे आला.

त्याला म्हटलं, लेवाद.

हाना, सावकाश जा. माझ्या पिवळ्या बोटांचा तुला नमस्कार.