चोरलेली पन्नाशी

तमाम संबंधितांस या निवेदनाद्वारे गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीवर असताना, आपल्या जिवलग मैत्रिणीची पन्नाशी परदेशी समुद्रात चोरली. चोरीच्या मालात एक केक, एक मेणबत्ती, तीसेक माणसांच्या टाळ्या आणि एक रेशमी स्कार्फ यांचा समावेश आहे. स्कार्फ अजून माझ्या कपाटात आहे. तो गळ्यात घालण्याची हिंमत आजवर झालेली नाही.

आता हकिकत.

सिंगापुरात आम्ही तिघी. एक मी. दुसरी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत कामाला, तिला आपण बँकवाली म्हणू. आणि तिसरी ती, जिची पन्नाशी. ती अकाउंटंट, क्वीन्सटाउनला आमच्याच ब्लॉकमध्ये माझ्या दोन मजले खाली राहणारी. मी या देशात नवी आले तेव्हा बाजारात कुठल्या बाईकडे मेथी मिळते आणि ती बाई कुठल्या वारी जुनी मेथी नवी म्हणून खपवते, हे मला तिने शिकवलं. मला डेंगी झाला तेव्हा पंधरा दिवस रोज संध्याकाळी लिफ्टने मऊ भात वर यायचा. डब्याच्या झाकणावर चिठ्ठी असायची: ‘सगळा संपव. लिंबू पिळून.’ अशी बाई. तिची माया नेहमी सूचनांच्या स्वरूपात येते.

पन्नाशी जवळ आली तशी तिने जाहीर केलं, “घरी करायची नाही. घरी केली तर माझ्या वाढदिवसाला मीच पुऱ्या तळत बसेन.” मग व्हिएतनामला ‘हा लाँग’ नावाच्या उपसागरात बोटीवर एक रात्र राहायचं ठरलं. साधी बोट नाही, चांगली ऐटबाज. खोलीत टब, टबाला खिडकी, खिडकीत समुद्र. बुकिंग तिने केलं. आम्हा दोघींना एकेक प्लॅस्टिकची फाइल मिळाली. व्हिसा कसा काढायचा, प्लग कुठला लागतो, चपला कुठल्या आणायच्या नाहीत, सगळं कलमवार.

निघायला नऊ दिवस असताना पुण्यात तिची आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड. ही एकुलती एक. त्याच संध्याकाळी विमानात बसली. बसण्याआधी मला फोन केला.

“बोटीचं बघा गं. तारीख पुढे ढकलता येते, मी आधीच विचारून ठेवलंय. डिसेंबरात जाऊ.”

“तुझ्याशिवाय कसली जातोय आम्ही,” मी म्हणाले. “तू आईंकडे बघ.”

हे म्हणताना मी शंभर टक्के खरं बोलत होते. ते वाक्य खोटं व्हायला चोवीस तास लागले.

दुसऱ्या दिवशी बँकवालीचा फोन आला. डिसेंबरात वर्षअखेरीची कामं, तिला सुट्टी मिळणार नव्हती. हे कारण तरी होतं. माझ्याकडे कारण नव्हतं, माझ्याकडे टोपी होती. रुंद काठाची, गवती, निळ्या फितीची. ती घालून आरशासमोर उभं राहिल्यावर मला कुठेतरी बोट सुटताना ऐकू यायची. आम्ही दोघी बराच वेळ एकमेकींना सांगत राहिलो की, आपण नाही गेलो म्हणून काही तिच्या आईचा पाय लवकर जुळणार नाही. हा युक्तिवाद वैद्यकीयदृष्ट्या अचूक आहे. शेवटी ठरलं की खोटं बोलायचं नाही. फक्त सांगायचं नाही.

तिने पुण्याहून विचारलं, “तारीख ढकललीत ना?”

मी म्हणाले, “तू काळजी करू नकोस.”

मराठीत हे फार उपयोगी वाक्य आहे. त्यात काहीच सांगितलेलं नसतं.

बोट पांढरीशुभ्र होती आणि समुद्र हिरवा. त्या उपसागराचं वर्णन पुष्कळांनी केलं असेल, मी एवढंच म्हणेन: पाण्यातून चुनखडीचे शेकडो डोंगर उभे असतात, सुटे सुटे, अंगावर झुडपं गुंडाळून. सगळे आंघोळीला उतरलेले आणि तेवढ्यात कुणीतरी आलं म्हणून जागच्या जागी थिजलेले. आमची बोट त्यांच्यामधून अगदी हळू गेली, संकोचून गेल्यासारखी. मी टोपी धरून कठड्याशी उभी होते आणि मला इतका आनंद होत होता की बँकवालीकडे बघायची लाज वाटत होती. तीही माझ्याकडे बघत नव्हती.

मग आम्ही खोलीत गेलो. पलंग तीन. दोघींच्या पलंगांवर टॉवेलचे हंस, तिसऱ्यावर गुलाबी पाकळ्यांनी लिहिलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. आम्ही तिथेच उभ्या राहिलो.

“उचलून टाकूया का?” बँकवालीने विचारलं.

“नको. पाप लागेल,” मी म्हणाले. जसं काही तोवर लागलं नव्हतं.

टेबलावर आल्याच्या वड्यांची बशी आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा होता. बाजूला छोटं कार्ड: ज्या बाईंना बोट लागते त्यांच्यासाठी. ती बाई मी. मी बोटीवर कधीतरी आजारी पडले होते, हे माझ्या सख्ख्या नवऱ्याच्या लक्षात नाही. हिने ते बुकिंग करताना कळवून ठेवलं होतं. जेवायला बसलो तर बँकवालीच्या शाकाहारी ताटात माशाच्या सॉसचा थेंब नव्हता. बोटीची व्यवस्थापिका, चाळिशीची हसरी बाई, कौतुकाने म्हणाली की या सॉसबद्दल तुमच्या ग्रुपमधून आम्हाला चार मेल आले, तुमच्यात कुणीतरी फार काळजी घेणारं आहे. बँकवालीने डोकं खाली घालून जेवण संपवलं. प्रत्येक सुखावर त्या गैरहजर बाईची सही होती, आणि मी एकेक सुख घेत गेले. आल्याची वडी खाल्ली. टबात बसले. खिडकीतून डोंगर बघितले. वाईट वाटलं आणि पाणी कोमट होतं.

संध्याकाळी जेवणघरात दिवे मंद झाले. मला वाटलं, वातावरणनिर्मिती. मग ढोलकं वाजू लागलं. स्वयंपाकघराच्या दारातून सात-आठ कर्मचारी ओळीने बाहेर आले, एकाच्या गळ्यात गिटार, आचारीणबाईंच्या हातात केक आणि केकवर आकडा पन्नास. नाव नव्हतं. त्यांच्या कागदावर खोली क्रमांक आणि वाढदिवस एवढंच असणार. मिरवणूक आमच्या टेबलापाशी थांबली आणि व्यवस्थापिकेने दोघींकडे आळीपाळीने बघत विचारलं, तुमच्यापैकी भाग्यवान कोण?

बँकवालीने तोंड उघडलं. ती सांगणार होती की जिचा वाढदिवस आहे ती येऊ शकली नाही. तिने नंतर शपथेवर सांगितलंय, आणि माझा विश्वास आहे. पण तोवर मी उभी राहिले होते.

का? मी इथे दरवर्षी गणपतीच्या कार्यक्रमात नाटकात काम करते. माझ्यावर दिवा पडला आणि समोर तीस माणसं बसलेली असली की माझे गुडघे मला न विचारता सरळ होतात. हे स्पष्टीकरण आहे, समर्थन नव्हे. मेणबत्ती मी विझवली. टाळ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, चार शब्द बोला. आणि माझ्यासारखीला चार शब्द बोला म्हणणं म्हणजे मांजराला दुधावर लक्ष ठेवायला सांगणं.

मी इंग्रजीतून बोलले. माझ्याकडे पन्नास वर्षं नव्हती, म्हणून तिची वापरली. दोन बॅगा आणि अकाउंट्सची पदवी घेऊन एकटी सिंगापुरात कशी उतरले, पहिल्या वर्षी रोज रात्री कशी खिचडीच खाल्ली, हे सगळं मी ‘मी’ म्हणून सांगितलं. लोक ऐकत होते. ऐकणाऱ्या लोकांइतकं वाईट व्यसन दुसरं नाही. मग मी आवाज खाली आणला.

“माझी आई आत्ता पुण्यात पाय मोडून पडली आहे. मी इथे येणारच नव्हते. पण तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, जा बाळ, समुद्र तुझी वाट बघतोय.”

आमच्याकडे कुणाची आई असं बोलत नाही, हे तिथे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. शेजारच्या टेबलावरची एक वयस्क ऑस्ट्रेलियन बाई उठली. तिचे डोळे वाहत होते. तिने स्वतःच्या गळ्यातला रेशमी स्कार्फ काढून माझ्या गळ्यात घातला आणि माझ्या आईसाठी प्रार्थना करीन म्हणाली. माझी आई त्या वेळी ठाण्यात भिशीला गेलेली असणार.

खोलीत आल्यावर बँकवाली पाकळ्यांच्या पलंगाकडे बघत म्हणाली, “तू नरकात जाशील.”

“आणि तू?”

“मीपण. मी टाळ्या वाजवल्या. पण मला खिडकीजवळची जागा मिळेल.”

आम्ही हसलो, आणि मग हसणं एकदम थांबलं. सकाळी धुक्यात ते डोंगर एकेक करून बाहेर येत होते. आयुष्यात पाहिलेल्या सुंदर गोष्टींत मी ती सकाळ फार वर ठेवीन, आणि कुणाला सांगता येत नाही.

घरी परतल्यावर चौथ्या दिवशी आमच्या तिघींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पाठवणारी ती. बोटीवरच्या भल्या माणसांनी समारंभाचं चित्रण केलं होतं आणि आठवण म्हणून, बुकिंगमध्ये दिलेल्या मेलवर, प्रेमाने पाठवून दिलं होतं. मेल अर्थात तिचा. एवढी फाइल वाचलेली आम्ही दोघी, पण बोटीवरून निघणारं प्रत्येक पत्र तिच्याकडे जाणार, हे एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

व्हिडिओखाली तिने काही लिहिलं नव्हतं. एक शब्द नाही, एक टिंब नाही.

बँकवालीने लगेच पुण्याला फोन लावला आणि रडली. तिला दोन दिवसांत माफी मिळाली. मी फोन केला नाही. मंचावर मला कुणाची भीती वाटत नाही, पण फोनच्या पलीकडे ती गप्प राहिली तर काय करायचं, हे मला येत नव्हतं. मी लांबलचक मेसेज लिहायचे आणि पुसायचे. शेवटी ‘मी चुकले’ एवढंच पाठवलं. दोन निळ्या खुणा उमटल्या. पाच आठवडे तेवढंच. बारा वर्षांत इतके दिवस आम्ही कधी अबोल नव्हतो. लिफ्ट तिच्या मजल्यावर थांबली की मी मोबाइलमध्ये बघायचे, तिचं घर बंद आहे हे ठाऊक असूनही. ही बाई गेली तर सिंगापुरात माझं कोण, हा प्रश्न मी नवऱ्याला विचारला. तो म्हणाला, “मी आहे की.” त्याला प्रश्नच कळला नव्हता.

ती परत आली त्या रविवारी बँकवालीने आम्हा दोघींना ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरवर, म्हणजे समुद्रकाठच्या खाऊगल्लीत, बोलावलं. संध्याकाळची गर्दी, सायकलवाली पोरं, भाजलेल्या मासळीचा धूर. ती आधीच येऊन बसली होती. बारीक झाली होती. केसांच्या मुळाशी दोन बोटं पांढरं दिसत होतं, एरवी ती इतकं दिसू देत नाही. समोर उसाचा रस. मी येताना संपूर्ण माफीनामा पाठ करून आले होते. तीन अंकी.

“आई कशा आहेत?” मी विचारलं.

“वॉकर घेऊन बाल्कनीपर्यंत जाते.”

“हे बघ, मी त्या दिवशी...”

“थांब. आधी मी बोलते.” तिने रसातला बर्फ ढवळला. “तुम्ही गेलात त्याचा राग आला. तो गेलाही. तू थांबणार नाहीस, हे मला माहीत होतं. केक घेतलास, घे. खिचडीही घे, ती तशी सगळ्यांनीच खाल्लीय. पण आईला का घेतलंस?”

मी तिच्या ग्लासखालचं पाणी बोटाने पुसू लागले.

“ऑपरेशन आठवडाभर लांबलं, आणि त्यानंतर दोन दिवस ती मला ओळखत नव्हती. औषधांचा परिणाम. मी हात हातात घेतला की सोडवून घ्यायची. म्हणायची, तुम्ही कोण, माझ्या मुलीला बोलवा. माझ्या वाढदिवसाला दिवसभर मी तिला सांगत होते की मीच ती. आणि त्याच संध्याकाळी तू तिची मुलगी होऊन तिकडे... तुझा हात धरला म्हणे तिने.”

बँकवाली टिशूच्या पाकिटावरची अक्षरं वाचू लागली. माझे तीन अंक कुठल्या कुठे गेले. एक वाक्य आठवेना. मी म्हणाले, “चुकले गं. फार चुकले.” ते मी नेहमीच्या आवाजात म्हणाले, खाली आणून नव्हे.

तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. ती रसाकडे बघत राहिली, मी तिच्या पांढऱ्या मुळांकडे. खरं तर तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण शांतता दिसली की त्यात काहीतरी भरायची मला खोड आहे. मी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “देवाशपथ सांगते, त्या केकचा घास माझ्या घशाखाली उतरत नव्हता.”

तिने ग्लास टेबलावर आपटला आणि तीन टेबलांपलीकडच्या चिनी आजोबांनी मान वळवून बघावं एवढ्या आवाजात म्हणाली, “मग दुसरा तुकडा हात वर करकरून कशाला मागितलास?”