मधला खांब

सेंट्रिंगचे प्रॉप काढायला मीच सांगितलं. वाक्य एवढंच, पण ते तोंडातून बाहेर पडायला मला कित्येक वर्षं लागली. म्हणून सुरुवात त्यानंच करतो.

मी सिव्हिल इंजिनिअर. राहायला कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. कामं बहुतेक शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या शेडची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझ्या मूळ गावी, पन्हाळ्याच्या पायथ्याला, आमच्या ख्रिस्ती मंडळीनं चर्च बांधायला घेतलं. तोवर उपासना पत्र्याच्या शेडमध्ये व्हायची. पावसात प्रवचन ऐकूच यायचं नाही, मग पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, थांबायचे आणि आम्ही गाणी म्हणायचो. बांधकामाची देखरेख मी सेवा म्हणून अंगावर घेतली.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि काम मागे पडलं. स्लॅब ओतायला डिसेंबर उजाडला.

इथं थोडं सांगायला हवं. ओतलेलं काँक्रीट सुरुवातीला स्वतःचं वजन पेलू शकत नाही. त्याला खालून प्लेटांचा आणि लोखंडी खांबांचा आधार देतात. ते खांब म्हणजे प्रॉप, आणि हे सगळं टेकूचं काम म्हणजे सेंट्रिंग. दुसऱ्या दिवशी काँक्रीट हाताला दगडासारखं लागतं, त्यावरून चालताही येतं. फसगत होते ती इथंच. आतली ताकद सावकाश वाढते. वर पाण्याची आळी करून ते रोज ओलं ठेवावं लागतं, त्याला क्युअरिंग म्हणतात. आमच्या हॉलला मध्ये एकही खांब नव्हता, एकच लांब बीम या भिंतीवरून त्या भिंतीवर जात होता. अशा बीमखालचे प्रॉप तीन-चार आठवडे हलवायचे नसतात, थंडीत तर नाहीच. हे मला पाठ होतं. शिरोलीत घाई करणाऱ्या मालकांना मी हेच ऐकवायचो.

पण नाताळ जवळ आला होता. मंडळीत एस्तेरमावशी नावाच्या एक वयस्कर बाई होत्या. चर्चची जागा त्यांनीच दिलेली. "मावशींना यंदाचा नाताळ पक्क्या छताखाली मिळाला पाहिजे," असं मी कमिटीत म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी त्या बैठकीला नव्हत्या.

सेंट्रिंग तानाजी मिस्त्रींचं होतं. शेजारच्या गावचे. थोडी शेती, बाकी घर सेंट्रिंगवर चालायचं. मी निरोप धाडला तसे ते माणसं घेऊन आले आणि वर बघत म्हणाले, "काय वो साहेब, येवढ्यात बोलीवलंसा? ह्याची अजून हळद उतरली न्हाय."

"नाताळ आलाय, तानाजी. खाली फरशी घालायची, रंग द्यायचा. प्रॉपच्या जंगलात कसं व्हायचं?"

"मला काय, माझं सामान मोकळं हुतंय. पर तुम्ही म्हणताय म्हणून काढायचं, व्हय न्हवं?"

"देवावर भरवसा आहे. काढा."

"तुमचा देव इंजिनिअर हाय व्हय?"

माणसं हसली. मीही हसलो. प्रॉप निघाले.

काढण्याआधी मी बीमच्या तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून बघितली होती. बीम सरळ होता. काढल्यावर पुन्हा ताणली. आता बीमचा मधला भाग दोरीला खाली ढकलत होता. थोडा बाक येतोच, असं मी स्वतःला सांगितलं. पुस्तकाप्रमाणे ते खरंही आहे. दोरी गुंडाळून खिशात घातली.

नाताळची उपासना छान झाली. मी उभा राहून साक्ष दिली, म्हणजे देवानं आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर सांगितलं. "देव कधी उशीर करत नाही. त्यानं आपल्याला वेळेवर छत दिलं," असं मी म्हणालो. काही बायकांनी डोळे पुसले. मग प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. माझे उघडे होते. नव्या चुन्यात, बीमच्या मधोमध, केसासारखी एक रेघ आली होती. खाली लेकरं बसली होती. माझ्या तोंडून "आमेन" निघालं ते सगळ्यांच्या आधी.

छत पडलं नाही. त्यात माझी हुशारी काहीच नव्हती. त्या दिवशी देवानं मंडळीला सांभाळलं, हे मी आजही गुडघे टेकून म्हणतो. देव विश्वासू होता. मी नव्हतो.

जानेवारीत रेघेची भेग झाली. हॉल बंद करून पुन्हा टेकू दिले. कमिटी बसली. पाळकसाहेबांनी सरळ विचारलं, "असं का झालं?"

तेव्हा खरं सांगायचं होतं. मी म्हणालो, "ओततानाच सेंट्रिंग खाली बसलं असणार. जमीन भुसभुशीत होती, प्रॉपखाली फळ्या नीट दिल्या नव्हत्या."

कोणीतरी म्हणालं, "म्हणजे तानाजीनं घात केला."

मी ते खोडून काढलं नाही. तानाजी तिथं नव्हते.

उपाय एकच होता. हॉलच्या मधोमध, बीमखाली, एक खांब उभा केला. तो मजबूत आहे, अजून आहे. पण त्याच्या मागे बसलेल्याला पाळक दिसत नाहीत. ती जागा माझी झाली.

मंडळीतले लोक आजूबाजूच्या गावांत पसरलेले. "तानाजीच्या सेंट्रिंगनं चर्च वाकलं," ही बातमी त्यांच्याबरोबर सगळीकडे गेली. तानाजी एकदा मंगळवार पेठेत माझ्या दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"साहेब, एक डाव तुमी त्यास्नी सांगा की. ह्या भागात मला कोण काम दीना."

"सांगतो, तानाजी. योग्य वेळ आली की सांगतो."

पुढची काही वर्षं मी अगदी मनापासून प्रार्थना केली, की प्रभू, तुझ्या वेळी मला बोलायचं धैर्य दे. पाळकसाहेब देवाची वाट पाहण्यावर प्रवचन करायचे आणि खांबाआड मला बरं वाटायचं. मीही वाटच पाहतोय, असं वाटायचं.

मग मंडळीनं लेकरांच्या रविवारच्या शाळेसाठी शेजारी एक खोली बांधायचं ठरवलं. मिस्त्री कोण बघायचा, यावर चर्चा निघाली. पाळकसाहेब सहज म्हणाले, "कुणालाही आणा, फक्त तो तानाजी नको." माणूस चांगला. त्यांच्या तोंडी ते वाक्य मीच घातलं होतं.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. दोरीचंही.

त्या दिवशी एस्तेरमावशी होत्या. त्या म्हणाल्या, "दानियल, माझं नाव पुढं करून घाई केलीस व्हय? मी पत्र्याखाली म्हातारी झाले. आणि एक नाताळ बसले असते की! मला कुणी इचारलं?"

पाळकसाहेब म्हणाले, "आम्हाला सांगितलंस, बरं केलंस. आता तानाजीला सांग. आजच."

"जरा वेळ बघून..."

"वेळ केव्हाच झालीय, दानियल. देव तुझ्यासाठी थांबलाय. तू त्याच्यासाठी नव्हे."

तानाजी शिरोलीत एका शेडच्या कामावर सापडले. दुसऱ्याच्या हाताखाली प्लेटा उचलत होते. जेवणाची सुट्टी झाली तसे आम्ही सावलीला बसलो. मी सांगितलं. त्यांनी भाकरी खाता खाता ऐकून घेतलं.

"मला काय सांगताय? प्रॉप मीच काढलंतं की. मला ठावं न्हाय व्हय?"

"मग तुम्ही का बोलला नाहीत?"

"कोण ऐकणार? तुमी साहेब. चर्च तुमचं, देव तुमचा." ते पाणी प्यायले. "खरं सांगू? तुमच्यावर न्हाय येवढा मी तुमच्या देवावर चिडलोतो. म्हटलं, ह्यो बाबा तिथं हुबा राहून गोडगोड बोलतोय आन् त्यो ऐकून घेतोय!"

माझ्या पापाची ही बाजू माझ्या कधी लक्षातच आली नव्हती.

"मला माफ करा, तानाजी."

"हितं सावलीत बसून न्हाय. माझं नाव जिथं घेतलंसा, तिथं म्हणा. मी येतो ऐकाय."

परत येताना एसटीत मला माझ्याच धंद्यातली एक गोष्ट नव्यानं कळली. क्युअरिंगमध्ये थांबणं असतं, पण रोज पाणी घालावं लागतं. पाणी न घालता नुसतं सोडून दिलं, तर कितीही दिवस ठेवा, काँक्रीट कच्चंच राहतं. आधी मी देवाच्या पुढं पळालो, नंतर त्याच्या वेळेआड लपलो. थांबायचं होतं तेव्हा थांबलो नाही, आणि बोलायचं होतं तेव्हा थांबून राहिलो.

रविवारी तानाजी आले. धुतलेली टोपी, नवा सदरा. मागच्या बाकावर बसले, खांबापासून बाजूला, सगळं दिसेल असे. पाळकसाहेबांनी मला पुढं बोलावलं. मी पुढं गेलो नाही. मध्येच थांबलो आणि खांबावर हात ठेवला.

"हा खांब माझ्या घाईचा आहे. प्रॉप मी काढायला लावले. तानाजी मिस्त्रींचं सेंट्रिंग सरळ होतं, मी स्वतः दोरी लावून बघितलं होतं. तरी मी तुम्हाला खोटं सांगितलं आणि त्यात देवाचंही नाव घेतलं." मग मागे वळलो. "तानाजी, तुमचं नाव मी घालवलं. मला माफ करा."