स्वयंपाकघराच्या खिडकीतली डबी

मी तपकीर ओढते. हे माझ्या घरीसुद्धा कुणाला धड ठाऊक नाही.

नेवासा तालुक्यातल्या एका लहान शाळेत मी तेव्हा शिकवत होते. आम्ही दोघंच शिक्षक, हेडसर आणि मी. मुलांची खिचडी शिजवायला गावातल्याच एक मावशी यायच्या. उन्हं तापायला लागली की पत्र्याच्या वर्गात माझं डोकं ठणकायचं. एकदा मधल्या सुट्टीत मी कपाळ दाबत स्वयंपाकघरात जाऊन बसले. मावशींनी कमरेची एक छोटी डबी काढली.

"बाई, चिमूटभर वढा. डोकं उतरंल."

"मिश्री आहे का?"

"न्हाई वो. मिश्री दाताला लावत्यात. ही तपकीर, नाकाला."

डबीत तंबाखूची पिठासारखी बारीक पूड होती. वर्गात 'तपकिरी रंग' म्हणून मी जो खडू दाखवायचे, अगदी त्याच रंगाची. मावशींनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत ती कशी धरायची ते दाखवलं. "जोरात वढू नका, मस्तकात जाती. नाकाच्या दाराशी ठिवा अन् हळूच श्वास घ्या."

मी जोरातच ओढली. एकामागून एक शिंका, डोळ्यांतून पाणी. मावशी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. पण शिंका थांबल्या आणि कपाळ खरंच हलकं झालं. ही तंबाखू आहे, औषध नाही, एवढं मला कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मागितली.

दिवाळीपर्यंत माझी स्वतःची डबी झाली. दुकानदाराला मी सांगायचे, "सासूबाईंना हवीय." माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कधी तपकिरीला हात लावला नव्हता.

मग शाळा तंबाखूमुक्त करायचं ठरलं. फाटकाजवळ पाटी रंगवली. परिपाठाला मुलांनी हात पुढे करून शपथ घेतली, आणि ती वाचून दाखवली मी. त्या दिवशी मावशी म्हणाल्या, "बाई, मी आता डबी घरीच ठिवनार. उगं काम जायाचं." मी मान हलवली. माझी डबी पर्समध्येच होती.

तपासणीला तालुक्याहून साहेब आले, त्या सकाळी मी घाबरून दोनदा स्वयंपाकघरात जाऊन चिमूट ओढून आले. दुसऱ्या खेपेला मुलांनी हाक मारली म्हणून घाईत बाहेर पडले आणि डबी खिडकीतच राहिली. साहेबांनी ती बरोबर उचलली. उघडून वास घेतला.

"ही कुणाची?"

हेडसरांनी मावशींकडे पाहिलं. मावशींना सवय आहे हे अख्ख्या गावाला माहीत.

"माझी न्हाई, साहेब. म्या शाळंत आनतच न्हाई."

"मग काय मुलं ओढतात?"

मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मी हजेरीची पानं उलटत राहिले. तेव्हा त्या म्हणाल्या, "चुकलं, साहेब."

साहेबांनी लेखी मागितलं. मावशींना लिहिता येत नव्हतं, म्हणून हेडसरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. 'माझ्याकडून चूक झाली, पुन्हा अशी चूक होणार नाही.' माझ्या सुवाच्य अक्षरात मी ते लिहिलं. मावशींचं बोट शाईच्या पॅडवर टेकवलं तेही मीच. त्यांच्या बोटाला हळद लागलेली होती.

आठवडा गेला. शेवटी मी हेडसरांना खरं सांगितलं. ते थोडे चपापले, मग हसले. "तुमची होती? असू द्या, बाई. आता साहेबांना कशाला कळवायचं? तिचं काम तर चालूच आहे." तो कागद फाडा, असं मला म्हणता आलं असतं. मी तेही म्हटलं नाही.

संध्याकाळी मावशींच्या घरी गेले. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, मी सरांना सांगितलं. डबी माझी होती म्हणून."

"मला तर तवाच माहीत हुतं," त्या म्हणाल्या. "तवा बोलायचं हुतं, बाई."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बसायला पोतं टाकलं, चहा केला. नंतर शाळेत कामापुरतं बोलत राहिल्या.

पुढच्या जूनमध्ये माझी जामखेडकडे बदली झाली. निरोपाला गावातली माणसं जमली. हेडसर भाषणात म्हणाले, "अशा प्रामाणिक बाई पुन्हा मिळायच्या नाहीत." टाळ्या पडल्या. मावशी मागे, दाराशी उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या की नाही, मला बघवलं नाही. मी मान खाली घातली. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघ, बाईंना रडू आवरंना."