अप्पांच्या वाट्याच्या गोळ्या

दुबलगुंडीचे बसवंतप्पा कापडवाले बोलण्याचे मोठे शौकीन. हुमनाबादच्या बाजारात त्यांच्या पालापुढं बायका थांबायच्या त्या निम्म्या कापडासाठी आणि निम्म्या बोलण्यासाठी. कन्नडवालीशी कन्नडमध्ये, मराठीवालीशी मराठीत, आणि बिदरकडच्या कुणी आल्या तर दखनीत. "घ्या अक्का, रंग गेला तर माझं नाव बदला," हे त्यांचं ठरलेलं. त्यांची थोरली मुलगी महादेवी नर्स झाली तेव्हा त्यांनी बाजारभर पेढे वाटले होते. लग्न मोडून ती माहेरी परत आली, जवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात कामाला लागली, तेव्हाही ते एवढंच म्हणाले, "बरं झालं, घरात डॉक्टर आला."

तंबाखूनं त्यांचा घात केला. गालात गाठ आली, ती जिभेपर्यंत गेली. हैदराबादला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, चार-चार तासांनी द्या म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

महादेवीला त्या गोळीची भीती वाटायची. शिकत असताना कानावर एवढंच पडलेलं, की याची सवय लागते, श्वास थांबतो. तिनं गोळ्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. अगदीच सहन होईना झालं की एक काढायची, चमच्यात विरघळवून अप्पांच्या तोंडात सोडायची. मग पुढची तळमळ सुरू होईपर्यंत कपाट बंद.

अप्पांना आता बोलता येत नव्हतं. ते हात पसरायचे. ज्या माणसानं जन्मात कुणापुढं हात पसरला नव्हता, तो खाटेवर बसून पोरीपुढं तळवा धरायचा.

"थोडं थांबा, अप्पा," ती म्हणायची. "सवय लागंल. मग काहीच लागू पडणार न्हाई."

ते मान हलवायचे आणि हात मागं घ्यायचे. भिंतीला कपाळ टेकून बसायचे. त्यांची बायको अक्कम्मा पाठीवरून हात फिरवत राहायची. असाच उन्हाळा गेला, आणि उन्हाळ्याबरोबर अप्पाही. कपाटात गोळ्या बऱ्याच उरल्या होत्या.

पुढच्या वर्षी सीमाभागातल्या नर्सेससाठी मोबाईलवरून मार्गदर्शनाचे वर्ग सुरू झाले. आठवड्यातून एकदा दुपारी सगळ्यांनी जोडून घ्यायचं, ज्यांचा आजार बरा होणार नाही अशा एकेका पेशंटबद्दल सांगायचं, आणि बेंगळुरूच्या डॉक्टर मंजुश्री ऐकून सल्ला द्यायच्या. वरून आदेश आला म्हणून महादेवीही बसली. पहिल्याच वर्गात आळंदकडच्या एका नर्सनं कॅन्सरच्या पेशंटबद्दल विचारलं, तो सारखी गोळी मागतो, काय करावं?

"तो मागतो कारण त्याला दुखतंय," डॉक्टर म्हणाल्या. "दुखणं परत येण्याची वाटच बघू नका. घड्याळ बघून द्या. डोस बेतानं वाढवला आणि लक्ष ठेवलं, तर भिण्यासारखं काही नसतं. अशा माणसाला व्यसन लागणं फार क्वचित. आपण मात्र त्या भीतीपोटी त्याला तळमळत ठेवतो."

महादेवीनं स्क्रीन बंद केली. नंतर सगळ्यांना सांगितलं, नेट गेलं होतं.

महिनाभर ती वर्गाला बसली नाही. मग जनवाड्याहून तानाजी नावाचा शेतकरी तिला शोधत आला. त्याची मावशी महादेवीच्या उपकेंद्राच्या गावात राहायची, आणि त्याची आई सोजराबाई दुखण्यामुळं त्या मावशीकडं येऊन पडली होती. कॅन्सर मणक्यात उतरला होता. बिदरच्या डॉक्टरांनी तीच गोळी दिली होती, पण घरात कुणी द्यायला धजत नव्हतं.

"सिस्टर, आईला सवय लागली तर?" तानाजीनं विचारलं.

महादेवी त्याच्याबरोबर मावशीच्या घरी गेली. तिनं तिथूनच डॉक्टर मंजुश्रींना व्हिडिओ कॉल लावला. डॉक्टर कन्नडमध्ये विचारत होत्या, सोजराबाई मराठीत सांगत होती, आणि मधे महादेवी. कुठं दुखतं, कुठवर पसरतं, झोप लागते का. गोळीबरोबर पोट साफ होण्याचं औषध द्यायचंच, फार गुंगी आली तर कळवायचं, सगळं डॉक्टरांनी नीट समजावलं. शेवटी म्हणाल्या, "त्यांना विचारा, दुखणं कमी झालं तर काय करावंसं वाटतं?"

"भाकरी थापावीशी वाटती," सोजराबाई म्हणाली. "लई दिवस झाले."

चारेक दिवसांनी महादेवी गेली तेव्हा सोजराबाई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. परातीत पीठ होतं. भाकरी वाकडी झाली, काठाला फाटली. "हात इसरला बघ," म्हणून ती हसली. महादेवीनं त्यातला तुकडा खाल्ला, बाहेर येऊन स्कूटीपाशी उभी राहिली आणि तिला रडू आवरेना.

तिथूनच तिनं डॉक्टरांना फोन केला. अप्पांचं सगळं सांगितलं. "त्यांना सवय लागली नसती ना, मॅडम?"

डॉक्टर म्हणाल्या, "नसती. तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, हे खरं आहे. त्यांना दुखत होतं, हेही खरं. यातलं काहीच मला बदलता येत नाही, महादेवी. पुढच्या आठवड्यात वर्गाला या."

सोजराबाई सुगीच्या दिवसांत गेली, झोपेतच. दिवस-कार्य झाल्यावर तानाजी दुबलगुंडीला आला. अक्कम्माच्या पाया पडून म्हणाला, "अव्वा, तुमच्या पोरीनं आमच्या आईला शेवटपर्यंत दुखू दिलं न्हाई."

अक्कम्मानं त्याला चहा दिला, त्याच्या आईच्या दुखण्याची चौकशी केली, कसली गोळी ते विचारून घेतलं. तो गेल्यावर कप उचलता उचलता तिनं विचारलं, "अप्पाला चमच्यातनं द्यायचीस ती हीच गोळी का गं?"

महादेवीला खोटं बोलता आलं असतं. "हीच, अव्वा. घरात लई होत्या. मीच पुरत्या दिल्या न्हाईत."

"कामून?"

"भ्याले."

अक्कम्मानं उचललेला कप खाली ठेवला. "मी एकदा त्यास्नी म्हणले होते, पोरीला ओरडून मागते. तर मलाच हातानं गप्प केले. तिला कळतंय, म्हणून खुणावले."

त्यानंतर त्या विषयावर मायलेकींचं बोलणं झालंच नाही. एका ताटात जेवत होत्या त्या वेगवेगळ्या वेळी जेवू लागल्या. महादेवीनं वर्ग एकही चुकवला नाही. आता बाकीच्या नर्सेसही तिला अधूनमधून फोन करून विचारतात. त्यानं तिला बरं वाटतं, पण फार वेळ नाही.

गेल्या महिन्यात गल्लीतला काशप्पा हैदराबादहून परत आला, घशाचा कॅन्सर घेऊन. महादेवी नुकतीच ड्यूटीवरून आली होती, चप्पलही काढली नव्हती. अक्कम्मा दारातच उभी होती.

"काशप्पाला लई दुखायलंय म्हणे," ती म्हणाली. "हात-पाय मागनं धू. आधी जा."