सुनेचा व्हिसा आणि सिद्धरामाची कृपा

ये गं शैला, जरा जवळ सरक. लिहितेय खरी, पण तू समोर बसली आहेस असंच धरून चालले आहे, आणि आधी तुझा कान पिळणार आहे. नातेपुत्याहून फोन करतेस आणि मला ऐकवतेस, "मावशी, देवबिव काय न्हाय, सगळं ओळखीवर चालतं." असं बोलवतं तरी कसं गं तुला? पण रागावू तरी किती! गेल्या गाळपाच्या हंगामात माझ्याही मनात हेच येऊन गेलं होतं. ते कसं आलं आणि कसं गेलं, ते तुला आणि वाचणाऱ्या सगळ्या बायांना सांगते.

माझा मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट आहे, हे तुला ठाऊकच आहे. मधली काही वर्षं तो केनियात होता. तिकडंही उसाचा मुलूख आहे, आपल्या अकलूजसारखाच, असं सांगायचा. तिथल्या शाळेत शिकवणारी अकिन्यी त्याला आवडली. फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा मला रुचलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. पण पोरगी घरात आली, वाकून पाया पडली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी उभी राहून भाकरी थापायला लागली. भाकरीचा कुठल्या देशाचा नकाशा व्हायचा कोण जाणे, पण हसत हसत आधी स्वतःच खायची. जीव लागला बघ मला.

तिच्या भाषेत अकिन्यी म्हणजे सकाळी जन्मलेली. म्हणून हितं लग्न लागलं तेव्हा मुलानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'उषा' असं नाव लिहिलं. आपल्यात नव्या नवरीचं नाव बदलतातच की. लग्न लावून देणाऱ्या संस्थेनं दाखला दिला, त्यावरही उषाच आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. पुढं काय वाढून ठेवलंय ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

उषा आली होती ती फिरायला येणाऱ्यांच्या व्हिसावर. नवऱ्याजवळ राहायचं तर वेगळा व्हिसा करून घ्यावा लागतो. मुलानं संगणकावरून अर्ज भरला आणि हा दाखला जोडला. आमच्या ग्रामदैवताची, सिद्धरामाची, संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा संपली, पाठोपाठ अर्ज परत आला. पासपोर्टवरची अकिन्यी आणि दाखल्यावरची उषा एकच बाई आहे कशावरून, असं विचारलं होतं. आधीच्या व्हिसाची मुदत त्या शुक्रवारी संपणार होती. उषाला आठवा महिना लागलेला, पाय सुजलेले, आणि डॉक्टरीणबाईंनी विमानाचं नावसुद्धा काढू दिलं नव्हतं. मुलगा गाळपाच्या घाईत, अकलूजजवळच्या कारखान्यावर अडकलेला. जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटात आम्ही दोघीच.

एका एजंटाकडं गेलो. त्यानं कागदं उलटीपालटी केली आणि म्हणाला, "आजी, गप बसा. बाळंतपण होऊ द्या. सोलापुरात कोण येतंय विचारायला?" जिन्यात शेजारीण भेटली, तिचाही तोच सल्ला. मलाही पटलं गं. घाबरलेल्या माणसाला लपायची जागा लगेच पटते.

बुधवारी दुपारी कॉलनीत पोलिसांची गाडी आली. मी धावत जाऊन दार लावलं, उषाला आतल्या खोलीत बसवलं, पंखासुद्धा बंद केला. खिडकीच्या फटीतून बघत उभी राहिले. गाडी आली होती कुणाच्या तरी चोरीला गेलेल्या मोटरसायकलीसाठी. ती निघून गेल्यावर मी आत गेले तर पोरगी घामानं निथळलेली, पोटावर हात ठेवून बसलेली. माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, मी चोर आहे?"

मी आधी पंखा लावला. मग तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "माझ्या देशात तुमचा मुलगा बाहेरचा होता. पण त्याचे पेपर बरोबर. तो कधी लपला नाही. मी पण नाही लपणार. जायचं तर जाईन."

ते 'जाईन' माझ्या काळजात रुतलं. त्या अवस्थेत कुठं जाणार होती ती? सबंध संध्याकाळ मी देवापुढं बसले आणि भांडले. म्हटलं, सिद्धरामा, जन्मभर तुझ्या तळ्याकाठी आले, आणि माझ्या लेकराच्या लेकराला तुझ्या गावात जागा नाही? शैला, तुझं ते ओळखीचं बोलणं तेव्हा माझ्याही तोंडी होतं. कुणाची ओळख असती तर काम झालं असतं, देव काय करणार, असंच वाटत होतं.

गुरुवारी सकाळी घर खायला उठलं. उषाला रिक्षात घालून देवळाकडं निघाले. वाटेत तिला मळमळायला लागलं, म्हणून एका गल्लीत उतरलो. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, त्यातलं एक तिथं आहे. लहानसंच देऊळ, पुढं सावली. उषाला कट्ट्यावर बसवलं आणि मी लिंगावर डोकं टेकलं. मागणं काही सुचेना. एवढंच म्हणाले, "माझी अक्कल संपली. आता तू बघ."

डोकं वर करते तर एक बाई उषाला पाणी पाजत होती. अंगात काळा कोट, केसात अबोलीचा गजरा, दुसऱ्या हातात बेलाची पानं. विणकरांच्या घरातली तेलुगू बाई, पण मराठी बोलणं अगदी आपल्यासारखं. "कितवा महिना, अम्मा?" म्हणून विचारत होती. मला काय झालं कोण जाणे, ओळख ना पाळख, मी त्या बाईपुढं सगळं ओकले. एजंट, पोलिसांची गाडी, सगळं.

तिनं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "आजी, हितं अक्षता पडायच्या आधी तिकडं काय झालं होतं का?"

"काय न्हाय. कचेरीत जाऊन नुसत्या सह्या केल्या होत्या दोघांनी. लग्न हितंच लागलं की."

बाई हसायलाच लागली. "अहो आजी, तुमच्यासाठी नुसत्या सह्या, पण सरकारच्या लेखी तेच लग्न! त्या दाखल्यावर हिचं कोणतं नाव असंल?"

मी उषाकडं बघितलं. "अकिन्यी," ती म्हणाली. आपल्याकडं अंतरपाट धरल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानतं का? म्हणून तो दाखला हितं आणायचं आम्हा कुणाला सुचलंच नाही. तो राहिला होता तिच्या आईकडं.

बाई कोर्टात वकील. बायकांना फुकट कायद्याची मदत मिळते, त्या खोलीत तिचं बसणं. तिथंच आम्हाला घेऊन गेली. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र तिनं तयार केलं. विमानप्रवास चालणार नाही, असं डॉक्टरीणबाईंकडून लिहून आणवलं. मुलगा रजा टाकून एसटीनं निघाला. राहिला होता तो तिकडचा दाखला. उषा आईला फोन लावत होती आणि पलीकडं कुणी उचलत नव्हतं. माझा जप चाललेला, पण कान फोनकडं. दुपार कलली तेव्हा तिची आई शेतातून घरी आली आणि दाखल्याचा फोटो पाठवला. अस्सल कागद, आपल्या वकिलातीचा शिक्का, ते मागाहून येणार होतं.

"फोटोवर भागेल का?" मी विचारलं.

"ते साहेब ठरवतील," वकीलबाई म्हणाली. "पण लपायचं न्हाय. उद्या आपण होऊन त्यांच्यापुढं उभं राहायचं."

शुक्रवारी परदेशी माणसांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत आम्ही चौघं बसलो. साहेबांनी एकेक कागद वाचला, पुन्हा वाचला, आत गेले. किती वेळ गेला सांगता यायचं नाही. उषाचा हात माझ्या हातात होता. ती तिच्या देवाला आळवत होती, मी माझ्या. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "मुदतीच्या आत आलात म्हणून बरं झालं, आजी. उद्या आला असतात तर मला वेगळंच काही लिहावं लागलं असतं." बाळंतपण उरकेपर्यंतची मुदतवाढ मिळाली. पुढं अस्सल दाखला आला, पोलीस घरी येऊन चौकशी करून चहा पिऊन गेले, आणि उषाचा राहायचा व्हिसा झाला.

वकीलबाईला मी नंतर विचारलं, रोज त्या लिंगाला येता का? म्हणाली, "न्हाय ओ. नेहमीचा रस्ता उकरलाय, म्हणून त्या गल्लीतनं आले." मी यावर काही वाद घालत नाही. मला एवढंच कळलं, की मी लपत होते तोवर देवाला तरी माझा पत्ता कुठला सापडणार? माझी अक्कल संपली असं खऱ्यानं कबूल केलं तेव्हा वाट दिसली. शरण जाणं म्हणजे हात जोडून घरात बसणं नव्हे गं. भीती त्याच्या पायाशी ठेवायची आणि खरं बोलायला उघड्यावर यायचं. बाकी त्याचं तो बघतो.

आता तू ये बरं लवकर. एसटी स्टँडवर उतरलीस की फोन कर, उषा स्कूटीवर न्यायला येईल, चालवायला शिकली आहे ती. नात पालथी पडायला लागली. एकदा का रांगायला लागली की तुझ्या मांडीवर बसायची न्हाय, त्याच्या आत ये.